कोकणातल्या फ्लॉप्या: फ्लक्सपासून युनिकोडपर्यंत (प्रकल्प नोंदी)

१२ एप्रिल २०२५

रत्नागिरीहून आलेली खोकी आज उघडली. तिथल्या एका डीटीपीवाल्या काकांनी धंदा बंद केला तेव्हा या फ्लॉप्या माळ्यावर गेल्या, त्या तिथेच होत्या. बहुतेक साडेतीन इंची, १.४४ एमबीच्या, तळाशी थोड्या सव्वापाच इंची. ग्रंथालयांच्या स्मरणिका, दिवाळी अंक, लग्नपत्रिका, संस्थांचे वार्षिक अहवाल. पण हे सगळं ज्याच्यासाठी हाती घेतलंय तो गठ्ठा वेगळा बांधलेला आहे. लेबलांवर ‘बोली १’, ‘बोली २’ असे आकडे. एका शाळामास्तरांनी वाडीवाडीतून जमवलेला संगमेश्वरी बोलीचा शब्दसंग्रह काकांनी टाइप केला होता. प्रुफं झाली, मास्तर गेले, पुस्तक राहून गेलं. हस्तलिखित घरच्यांना सापडत नाही. म्हणजे ते शब्द आज या चकत्यांवरच आहेत.

काका फोनवर म्हणाले, “अरे, मिळालं तर बघ. नाही मिळालं तर टाकून दे, मी काही विचारणार नाही.” मी म्हटलं, “काका, टाकणार काहीच नाही. वेळ लागेल एवढंच.”

कामाचा नियम आधीच लिहून ठेवतो. फ्लॉपी ड्राइव्हमध्ये गेली की पहिल्याच फेरीत तिच्यावरचे कच्चे चुंबकीय संकेत (म्हणजेच फ्लक्स) जसेच्या तसे उतरवून घ्यायचे. फायली, फॉन्ट, मजकूर हे सगळं मागाहून, सवडीने. जुनी चकती किती वेळा वाचू देईल याचा भरवसा नसतो. संकेतांची फाइल मात्र हवी तितक्या वेळा उलगडता येते.

आज फक्त लेबलांचे फोटो, क्रमांक आणि लेखनबंदी. साडेतीन इंचीची खिडकी उघडी असली की तिच्यावर लिहिता येत नाही. सव्वापाच इंचीचं उलटं, तिथे बाजूची खाच चिकटपट्टीने झाकावी लागते.

१६ एप्रिल

बाजारात मिळणारा यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह या कामाला का नको, हे दोघातिघांनी विचारलं म्हणून इथेच लिहितो. तो ड्राइव्ह आपल्याला फक्त सेक्टर देतो, म्हणजे ५१२ बाइटांचे तयार तुकडे. सेक्टरची सीआरसी, म्हणजे त्याच्यासोबत लिहिलेला पडताळणीचा आकडा, जुळली तर तुकडा मिळतो, नाही जुळली तर ‘वाचता येत नाही’ एवढंच उत्तर. चकती वाचणाऱ्या हेडला तिथे प्रत्यक्षात काय दिसलं हे विचारायची सोय त्यात नाही. शिवाय चूक आली की तो स्वतःच पुन्हापुन्हा त्याच जागी हेड घासत राहतो, आणि खराब चकतीला नेमकं तेच बाधतं.

त्याऐवजी मी वापरतो ते ग्रीजवीझल, किअर फ्रेझर यांनी केलेलं छोटं बोर्ड. एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला जुन्या पीसीतली ३४ पिनांची रिबन केबल. चकती फिरताना चुंबकत्वाची दिशा कुठे कुठे उलटते, आणि दोन उलटण्यांमध्ये किती वेळ गेला, एवढंच ते मोजतं आणि संगणकाकडे पाठवतं. फाइल म्हणजे काय, सेक्टर म्हणजे काय, याच्याशी त्या बोर्डाला देणंघेणं नाही. अर्थ लावायचं काम संगणकावरच्या पायथन प्रोग्रामचं. हा प्रोग्राम आणि बोर्डातलं फर्मवेअर दोन्ही त्यांनी पब्लिक डोमेनमध्ये, म्हणजे सगळ्यांसाठी मोकळं, टाकलं आहे.

मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. क्रायोफ्लक्ससारखी साधनंही उत्तम वाचन करतात, पण त्यांचं सॉफ्टवेअर खुलं नाही. दहा वर्षांनी कुणाला हीच कच्ची फाइल पुन्हा उलगडायची झाली तर वाचनाची रीत त्याच्यासमोर उघडी असली पाहिजे. डेव्हिड गिव्हन यांचं फ्लक्सइंजिनही खुलंच आहे आणि ते ग्रीजवीझलच्या बोर्डावरसुद्धा चालतं. ब्रदरच्या वर्ड प्रोसेसरांसारखे पीसीशी न जुळणारे फॉरमॅट आले तर तिकडे वळायचं. या खोक्यांत तशी गरज पडेलसं दिसत नाही.

ड्राइव्ह जुन्या बाजारातून आणले, साडेतीन इंची एकापेक्षा जास्त. एका ड्राइव्हला न दिसलेला सेक्टर दुसऱ्याला दिसतो, कारण हेडची बसण्याची जागा केसभर इकडेतिकडे असते.

२० एप्रिल

ड्राइव्हची तपासणी. हेड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, सरकण्याच्या दांड्यावरचं वाळलेलं ग्रीस काढून नवं लावलं. ग्रीजवीझलच्या आरपीएम आज्ञेने वेग पाहिला: मिनिटाला ३०० फेऱ्या हव्यात, म्हणजे एक फेरी २०० मिलिसेकंदांची. एक ड्राइव्ह डगमगतो आहे, तो बाजूला ठेवला. बाकीच्यांवर कोरी चकती लिहून वाचून पाहिली. काकांची एकही फ्लॉपी अजून आत गेलेली नाही.

२७ एप्रिल

आजपासून खरं वाचन. आधी दिसायला स्वच्छ असलेल्या स्मरणिकांच्या फ्लॉप्या घेतल्या. प्रत्येक ट्रॅकच्या (चकतीवरच्या एका वर्तुळाच्या) पाच फेऱ्या कच्च्या उतरवायच्या आणि एससीपी प्रकारच्या फाइलमध्ये ठेवायच्या.

जागेचा हिशेब आधी करून ठेवला होता. १.४४ एमबीच्या चकतीवर दोन उलटण्यांमधलं अंतर २, ३ किंवा ४ मायक्रोसेकंद असतं. सरासरी २.६ धरली तर २०० मिलिसेकंदांच्या फेरीत सुमारे ७५ हजार नोंदी होतात. प्रत्येक नोंदीला दोन बाइट, म्हणजे एका ट्रॅकच्या एका फेरीला दीडशे केबी. ८० सिलिंडर (वर-खालच्या ट्रॅकची जोडी म्हणजे सिलिंडर), दोन बाजू, असे १६० ट्रॅक: एका फेरीचे २४ एमबी, पाच फेऱ्यांचे १२०. मूळ मजकूर १४,७४,५६० बाइटांचा आणि त्याच्या ऐंशीपट कच्चा माल! आजच्या हार्डडिस्कला हे काहीच नाही, म्हणून हात आखडायचं कारण नाही.

निरोगी ट्रॅकचा आलेख काढला की २, ३ आणि ४ मायक्रोसेकंदांवर तीन टोकदार शिखरं दिसतात. चकती थकलेली असली की शिखरांचे पायथे पसरतात, शेजारच्या शिखरात मिसळू लागतात, आणि मग एखादी नोंद दोनातली की तीनातली हे ठरवणं अवघड होतं. आजच्या सगळ्या चकत्यांची शिखरं सुरेख आली. पंचवीस-तीस वर्षं दमट हवेत पडलेल्या वस्तूकडून मी एवढी अपेक्षा केली नव्हती.

कच्च्या फाइलवरून कन्व्हर्ट आज्ञेने साधी आयएमजी फाइल (सगळ्या सेक्टरांची ओळीने प्रत, म्हणजे इमेज), आणि तिच्यातून एमटूल्स या आज्ञांच्या संचातल्या एमडीरने यादी, एमकॉपीने फायली बाहेर. एमटूल्सला इमेज माउंट करावी लागत नाही, रूटचे अधिकार लागत नाहीत, आणि फायलींच्या मूळ तारखा सांभाळायला सांगता येतं. त्या तारखा महत्त्वाच्या आहेत: कुठलं प्रूफ आधीचं, कुठलं नंतरचं हे पुढे त्यांच्यावरूनच ठरणार.

३ मे

बुरशी. ‘बोली’ गठ्ठ्यातल्या बऱ्याच चकत्यांवर आहे. पत्र्याचं झाकण सरकवून टॉर्च तिरका धरला की करडे ठिपके आणि वर्तुळाकार डाग दिसतात. अशी चकती तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर बुरशी हेडवर चढते, हेड चकतीचा थर खरवडतं, आणि एका फेरीत तो ट्रॅक कायमचा जातो. वर तेच घाण हेड पुढच्या चकतीलाही ओरखडे पाडतं. म्हणून ‘एकदा लावून तर बघू’ हा मोह कटाक्षाने टाळायचा.

पद्धत अशी ठरवली आहे. काम गॅलरीत, मास्क आणि हातमोजे घालून, कारण बुरशीचे कण छातीत जाणं बरं नव्हे. पत्र्याचं झाकण काढायचं, प्लॅस्टिकचे दोन अर्धे कडेने हळूहळू सुटे करायचे. आतली चकती निघाली की तिच्या मधल्या धातूच्या चकलीवरून खालची बाजू ओळखता येते. ती उलटी बसता कामा नये. आधी अगदी बाहेरच्या कडेला, जिथे माहिती नसते, अल्कोहोलचा बोळा टेकवून पाहायचा. बोळ्याला तपकिरी रंग आला तर चकतीचा थरच सुटतो आहे, तिथेच थांबायचं. रंग नाही आला तर धागे न सुटणाऱ्या कापडाने, जोर न देता, दोन्ही बाजू पुसायच्या. सुकू द्यायची. जुन्या कव्हरातल्या मऊ अस्तरात बुरशी शिल्लक राहते, म्हणून चकती परत त्यात घालायची नाही; निकामी पण स्वच्छ फ्लॉपीचं कव्हर तिला द्यायचं. मूळ कव्हर लेबलासकट वेगळ्या पिशवीत.

त्यानंतर वाचन, आणि दर चकतीनंतर हेड पुसणं. वाचताना कान देऊन बसायचं. किंचित जरी चीं चीं आवाज आला तर ताबडतोब बंद.

एक ‘बोली’ चकती अशी पूर्ण वाचून झाली. सगळे २,८८० सेक्टर बरोबर. आत साध्या मजकूर फायली आहेत, पण एकही अक्षर वाचता येत नाही. ते पुढचं काम.

११ मे

‘बोली २’. पुसून झाली, वाचली, आणि पहिल्याच ट्रॅकवर अडली. उलगडताना सेक्टर क्रमांक ०, ३ आणि ४ मिळाले नाहीत. याच जागी सगळ्या चकतीची किल्ली असते, त्यामुळे आजची नोंद लांबणार.

डॉस या जुन्या प्रणालीच्या १.४४ एमबी फ्लॉपीची मांडणी ठरलेली असते. सेक्टर ० म्हणजे बूट सेक्टर. १ ते ९ फॅटची, म्हणजे कुठली फाइल कुठे कुठे आहे त्या तक्त्याची, पहिली प्रत, १० ते १८ दुसरी प्रत. १९ ते ३२ मुख्य डिरेक्टरी, तिच्यात २२४ नोंदींची जागा. ३३ पासून मजकूर. एका ट्रॅकवर १८ सेक्टर, म्हणजे बाहेरच्या कडेच्या खालच्या बाजूवर ० ते १७ आणि वरच्या बाजूवर १८ ते ३५. माझ्या चकतीला डाग खालच्या बाजूवर आहे, म्हणून डिरेक्टरी पूर्ण शाबूत. फायलींची नावं, आकार, तारखा, सुरुवातीचा क्लस्टर (फाइलला मिळणारा जागेचा तुकडा), सगळं दिसतंय. फक्त फाइल पुढे कुठे कुठे गेली आहे याची साखळी तुटली.

ती साखळी फॅटमध्ये, आणि फॅट दोनदा लिहिलेलं असतं. सेक्टर ३ ची जुळी प्रत १२ मध्ये, ४ ची १३ मध्ये. दोन्ही शाबूत आहेत, सीआरसी जुळलेल्या. इमेजच्या प्रतीवर (मूळ इमेजला हात लावायचा नाही) १२ आणि १३ उचलून ३ आणि ४ च्या जागी ठेवले. बूट सेक्टरमधल्या ज्या आकड्यांशी एमटूल्सला काम असतं ते या प्रकारच्या सगळ्या फ्लॉप्यांमध्ये तेच असतात: सेक्टर ५१२ बाइटांचा, दर क्लस्टरला एक सेक्टर, दोन फॅट, एकूण २,८८०. ‘बोली १’चा बूट सेक्टर घेतला आणि तिथे बसवला. एमडीरने यादी सरळ दाखवली. सव्वीस वर्षांपूर्वीच्या तारखा, आणि फायलींची नावं ‘का’, ‘खा’, ‘गा’ची रोमन रूपं. वर्णानुक्रमे ठेवलेली आहेत.

हे करताना एक गोष्ट मनाशी पक्की झाली. दिवाळी अंकातल्या कथेत एखादं अक्षर गेलं तर वाक्यावरून कळतं. बोलीच्या यादीत तसं चालत नाही. जो शब्द दुसरीकडे कुठेच लिहिलेला नाही त्याचं एक अक्षर अंदाजाने भरलं तर आपण नवाच शब्द तयार करू आणि तो मास्तरांच्या नावावर खपेल. म्हणून या गठ्ठ्यापुरता नियम: ज्या सेक्टरची सीआरसी जुळली तेवढाच मजकूर घ्यायचा. न जुळलेल्या सेक्टरमधलं ‘जवळपास बरोबर’ दिसणारं काहीही शब्दयादीत येणार नाही.

१७ मे

मजकुराच्या भागातले बिघडलेले सेक्टर. पाच फेऱ्या घेतल्याचा फायदा इथे कळतो. बऱ्याच ठिकाणी पहिल्या फेरीत सीआरसी चुकते आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीत जुळते. उलगडणारा प्रोग्राम प्रत्येक फेरी तपासतो आणि जुळलेला सेक्टर उचलतो. उरलेल्यांसाठी चकती दुसऱ्या ड्राइव्हवर वाचली. न मिळालेल्या सेक्टरच्या जागी ग्रीजवीझल आयएमजीमध्ये ‘बॅड सेक्टर’ असा रोमन मजकूर भरून ठेवतं, शून्यं भरत नाही. हा फार शहाणा निर्णय आहे: शून्यांचा सेक्टर खराही असू शकतो, ही खूण मात्र चटकन ओळखू येते. तिच्या आधारावर दोन ड्राइव्हच्या इमेज सेक्टरवार जुळवणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली. दोन्हीकडे चांगला असलेला सेक्टर वेगळा निघाला तर स्क्रिप्ट थांबते आणि विचारते. अजून तशी वेळ आलेली नाही.

ट्रॅक डोळ्यांनी पाहायला एचएक्ससीचं सॉफ्टवेअर वापरतो. जाँ-फ्रान्स्वा देल नेरो यांचं, हेही खुलं. ते चकतीचं गोल चित्र काढतं, सेक्टर हिरवे-लाल दाखवतं. डाग एका बाजूला एकवटलेला आहे की पूर्ण वर्तुळभर, हे एका नजरेत कळतं. पूर्ण वर्तुळ म्हणजे ओरखडा, एकवटलेला म्हणजे बुरशी. बुरशीचा डाग पुन्हा पुसून पाहण्यात अर्थ असतो.

२२ मे

दिवाळी अंकाचा संच. एआरजे, ए०१, ए०२ अशा शेवटांच्या फायली: मोठी फाइल एका फ्लॉपीत मावत नसे म्हणून एआरजे या प्रोग्रामने दाबून, कापून फ्लॉप्यांवर पसरलेली. सगळे तुकडे एका फोल्डरात आणले, लिनक्सवरच्या खुल्या एआरजेने उलगडलं. काम झालं.

२७ मे

पाऊस यंदा मे महिन्यातच आला. काल मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाल्याचं जाहीर झालं, इतक्या लवकर तो आजवरच्या नोंदींत कधी आला नव्हता. इथेही हवा ओलीच आहे. उरलेल्या न पुसलेल्या चकत्या सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यांत. कव्हरं उघडण्याचं काम बंद. दमट हवेत पुसलेली चकती नीट सुकत नाही. तोवर मिळालेल्या फायलींकडे वळतो.

७ जून

‘बोली’च्या फायली उघडल्या. सुरुवातीच्या फायलींमध्ये बाइट १६१ च्या पुढचेच जास्त, आणि व्यंजनांच्या मध्ये २३२ पुन्हापुन्हा येतो. २३२ म्हणजे इस्की या जुन्या अक्षरसंकेतातला हलन्त. काकांना फोन केला. म्हणाले, “हो रे, आधी जिस्ट कार्ड होतं माझ्याकडे, डॉसवर. विंडोज नंतर आलं.” सगळं जुळलं. जिस्ट कार्ड हे पुण्याच्या सी-डॅकचं. डॉसच्या साध्या प्रोग्रामांमध्ये देवनागरी आणणारं ते कार्ड, आणि इस्की म्हणजे १९९१ सालचं भारतीय मानक, आयएस १३१९४.

इस्की उच्चाराच्या क्रमाने लिहितं: आधी व्यंजन, मग वेलांटी. आजच्या युनिकोड या अक्षरसंकेतानेही तोच क्रम धरला आहे, त्यामुळे रूपांतर सरळ. आयसीयू या खुल्या लायब्ररीत इस्की आहे. तिच्या यूकॉन्व्ह आज्ञेला देवनागरीची आवृत्ती सांगितली आणि मजकूर समोर आला. पहिला शब्द ‘पऱ्या’. डोंगरातून येणारा लहान ओढा. अर्थ आणि तो कुठल्या गावी ऐकला ते नाव, दोन्ही शेजारी.

आणि याच शब्दात पुढची अडचणही होती. ‘पऱ्या’तला र अर्ध्या चंद्रासारखा, रफार नव्हे. इस्कीमध्ये तो र, हलन्त आणि त्यापुढे नुक्ता असा लिहिता येतो. आयसीयू त्याचं र, हलन्त आणि जोडणारं अदृश्य चिन्ह असं रूप करतं. आजचे कीबोर्ड बहुधा नुक्त्याचा ऱ आणि हलन्त लिहितात. डोळ्यांना दोन्ही सारखेच, शोधयंत्राला वेगळे. कोकणातल्या शब्दयादीत असे शब्द पदोपदी आहेत, म्हणून सगळीकडे एकच रूप केलं आणि बदलाची नोंद फाइलसोबत ठेवली.

१४ जून

नंतरच्या ‘बोली’ चकत्यांवर पानं लावण्याच्या पेजमेकर ६.५ या प्रोग्रामच्या फायली. लिब्रेऑफिस ड्रॉ त्या उघडतं, लिबपेजमेकर या खुल्या लायब्ररीच्या जोरावर. पानांची मांडणी बरीचशी येते, अक्षरं मात्र युरोपीय चिन्हांची खिचडी. या फायलींतले फॉन्ट उच्चारक्रमाने चालत नाहीत. त्यांच्यात अक्षराचे तुकडे असतात: अर्धा ग वेगळा, दंड वेगळा, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप झालेली, रफार अक्षर संपल्यावर. शिवाय प्रत्येक कंपनीच्या फॉन्टचा तक्ता निराळा.

फॉन्टफोर्जमध्ये काकांचा फॉन्ट उघडून एकेक चिन्ह पाहत तक्ता हाताने केला. मग पायथनमध्ये नियम. अर्धं अक्षर आणि दंड मिळून पूर्ण अक्षर. वेलांटी पुढच्या संपूर्ण जोडाक्षरानंतर न्यायची, फक्त पहिल्या तुकड्यानंतर नाही. ‘स्थिती’सारख्या शब्दात हा फरक पडतो. रफार उलट, मागे, जोडाक्षराच्या आधी.

तपासणीला शुद्धलेखन तपासनीस निरुपयोगी, बोलीचा प्रत्येक शब्द त्याला चुकीचाच वाटणार. त्याऐवजी देवनागरीत संभवतच नाहीत अशा जोड्या शोधतो: दोन काने लागोपाठ, शब्दारंभी मात्रा, हलन्तानंतर वेलांटी. अशी जोडी सापडली की बहुतेक वेळा तक्त्यातलं एखादं चिन्ह राहिलेलं असतं.

२२ जून

रत्नागिरीला काकांकडे. त्यांचा विंडोज ९८ चा संगणक अजून सुरू होतो, आणि मूळ फॉन्ट, मूळ पेजमेकर त्यावर आहे. फ्लॉपी ड्राइव्ह मात्र गेलेला. त्याच्या जागी गोटेक बसवला: फ्लॉपीच्याच आकाराचा डबा, पुढे पेन ड्राइव्हची खाच. आत कारखान्याचं फर्मवेअर काढून फ्लॅशफ्लॉपी घातलेलं, हेही किअर फ्रेझर यांचंच, हेही पब्लिक डोमेन. पीसीसाठी त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये इंटरफेस आयबीएम-पीसी असा लिहावा लागतो. पेन ड्राइव्हवर आयएमजी फायली टाकल्या, बटणाने एक निवडली, आणि विंडोजला वाटलं फ्लॉपीच घातली.

पेजमेकरमध्ये पान उघडलं तेव्हा काका खुर्ची ओढून जवळ आले. “हा समास मीच वाढवला होता. मास्तर म्हणाले, कडेला लोकांना लिहायला जागा ठेव.” माझ्या युनिकोड मजकुराशी पान पान ताडून पाहिलं. तक्त्यातल्या दोन जोडाक्षरांची अदलाबदल पकडली गेली, आणि एक चिन्ह मला अनुस्वार वाटलं होतं ते काकांनी सांगितलं की उच्चारासाठी मुद्दाम टाकलेला वेगळा ठिपका आहे. पडद्यावरचं मूळ पान आणि ते लावणारा माणूस एकत्र मिळणं याला पर्याय नाही.

५ जुलै

सव्वापाच इंची. या ड्राइव्हला ५ व्होल्टसोबत १२ व्होल्टही लागतात, म्हणून जुना पीसी पॉवर सप्लाय. चकत्या ३६० केबीच्या, ४० ट्रॅकच्या. माझा ड्राइव्ह १.२ एमबीचा, ८० ट्रॅकचा. ग्रीजवीझलला दर ट्रॅकमागे दोन पावलं टाकायला सांगितलं की काम होतं. हा ड्राइव्ह मिनिटाला ३६० फेऱ्या फिरतो, तो फरक उलगडताना सांभाळला जातो. वाचायला अरुंद हेड चालतं. असल्या ड्राइव्हवर ३६० केबीची चकती लिहू मात्र नये, अरुंद नवा ट्रॅक जुन्या रुंद ट्रॅकच्या मधोमध पडतो आणि मूळ ड्राइव्हला दोन्ही एकदम ऐकू येतात. आपल्याला लिहायचंच नाही. या चकत्यांवर पत्रिका आणि हिशेब निघाले. हिशेब उघडले नाहीत, ते काकांचे खासगी.

१३ जुलै

जपणुकीची मांडणी. प्रत्येक चकतीचा एक फोल्डर: लेबलाचा फोटो, कच्ची एससीपी, आयएमजी, फायली, आणि कुठल्या ड्राइव्हवर, कुठल्या आवृत्तीच्या प्रोग्रामने वाचलं त्याची साधी मजकूर नोंद. सगळ्यांवर एसएचए-२५६, म्हणजे फाइल बदलली तर कळावं असा आकडी ठसा. दोन ठिकाणी प्रती, एक रत्नागिरीत. स्क्रिप्ट आणि अक्षरांचा तक्ता जीपीएल या परवान्याखाली खुला करतो आहे. मूळ फॉन्ट विकतचे होते, ते वाटणार नाही. शब्दसंग्रह प्रसिद्ध करायचा की नाही हे मास्तरांच्या मुलीने ठरवायचं. त्यांना पूर्ण मजकूर दिला आहे. त्यांनी पहिल्यांदा ‘प’ काढून पाहिला.

उरलेलं: ‘बोली ४’मध्ये सिलिंडर ६१ ते ६३ च्या वरच्या बाजूवर अजून सेक्टर लाल आहेत. सेक्टर क्रमांकातून ३१ वजा केले की क्लस्टर मिळतो, त्यावरून फाइल शोधली: ‘व’ची. यादीत तिथे कंस रिकामे ठेवले आहेत, आणि प्रत्येकाशेजारी सेक्टरचा क्रमांक. डाग एकवटलेला आहे, ओरखडा नाही. हवा कोरडी झाली की चकती पुन्हा पुसायची आणि त्या तीन सिलिंडरांच्या जास्त फेऱ्या घ्यायच्या, आधी दुसऱ्या ड्राइव्हवर.